तिसरी हाक

या, अशा जवळ सरका. चुलीपाशी ऊब आहे आणि गहू फुलायला अजून तासभर तरी लागेल. उद्या मृतांचा शनिवार. हा गहू मध घालून देवळात न्यायचा, पाद्रीबाबा त्यावर प्रार्थना गाणार, मग एकेका घराच्या मेलेल्या माणसांची नावं घेणार. तुम्हा पोरींना त्यातली निम्मी नावं नुसती नावंच वाटतात, ठाऊक आहे मला. म्हणून आज त्यातल्या एका नावाची गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या भावजींची, ओब्राद शिपायाची. लढाई नाही हो या गोष्टीत. घोडा नाही, पदक नाही. एक कुंपण आहे, एक बटण आहे, आणि एक हाक आहे जी मारायची राहून गेली.

“ए स्टाना! हात मागं घे! मागं म्हटलं ना!”

नाईक माक्सिम असा ओरडला की कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या. स्टाना म्हणजे माझी थोरली जाऊ, भावजींची बायको. तिचा हात फळ्यांच्या फटीतून वीतभर आत गेला होता. हातात काही नव्हतं. नुसता हात.

“माशी हाकलत होते,” ती म्हणाली.

“माशी पलीकडची की अलीकडची?”

“विचारून सांगते हं, नाईक. तोवर मिशा पुसा, चीज लागलंय.”

बाया हसल्या. माक्सिमनं मिशीला हात लावला आणि मग आणखी हसल्या. मी स्टानाच्या शेजारीच उभी होते, म्हणून मला दिसलं की ती हसत नव्हती. ती समोर बघत होती. समोरच्या कुंपणापाशी तिची लेक रुझा उभी होती, कडेवर मूल घेऊन.

त्या जागेला आम्ही रास्तेल म्हणत असू. तुम्ही ते पाहिलेलं नाही. त्याची लाकडं कधीच कुणाच्या चुलीत गेली, देवाची कृपा. सावा नदीच्या अलीकडच्या काठावर, आपल्या व्रबोवा गावाखाली, दोन कुंपणं होती छातीएवढी, समोरासमोर, आणि मध्ये बारा पावलांची मोकळी वाट. नदीपलीकडे सुलतानाचा मुलूख, अलीकडे सम्राटाचा. पलीकडे चार-सहा वर्षांनी प्लेग यायचा. म्हणून तिकडची माणसं होड्यांतून यायची, नदीकडच्या कुंपणाशी थांबायची. आपण गावाकडच्या कुंपणाशी. दर मंगळवारी बाजार व्हायचा, पण शिवाशिव म्हणून नाही. धान्याला, मिठाला, लोखंडाला रोग चिकटत नाही, असं कप्तानाच्या पुस्तकात होतं. तेव्हा मीठ लाकडी पन्हळीतून सरसर खाली यायचं, आणि नाणी लांब दांड्याच्या पळीतून, रोग धुऊन निघावा म्हणून, आंबट शिरक्याच्या वाडग्यात पडायची. लोकर, कापड, केस यांना मात्र रोग चिकटतो. आणि माणसाला.

मधल्या वाटेत एक शिपाई फेऱ्या घालायचा, खांद्याला बंदूक. त्या मंगळवारी ती पाळी भावजींची होती. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लेक, आणि मध्ये हा माणूस, नजर नाकासमोर ठेवून, बावन्न पावलं जायचं आणि बावन्न पावलं यायचं.

शिपाई म्हटलं की तुम्हाला पगारी, दूरदेशी गेलेला कुणीतरी वाटतो. आमच्याकडे माणूस शिपाई होत नसे, शिपाई जन्मत असे. जमीन सम्राटानं दिलेली, आणि जमिनीबरोबर बंदूक. अठरा ते साठ. आठवडाभर नदीवरच्या चौकीत पहारा, मग आठवडाभर घरी नांगर, आणि नांगर ऐन रंगात आला की पुन्हा ढोल वाजायचा. आमच्या घरात एका चुलीवर एकोणीस माणसं जेवायची. चूल वेगळी करायची तर पलटणीची परवानगी, ओकचं झाड तोडायचं तर परवानगी, मुलीचं लग्न करायचं तर परवानगी. माझी सासू म्हणायची, “कोंबडीनं अजून विचारलेलं दिसत नाही, म्हणून सकाळी अंडं मिळतं.” आणि घरातला एक शिपाई पळून पलीकडे गेला, तर जमीन सगळ्या घराची जायची आणि बेड्या मागं राहिलेल्या भावाला. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

भावजी कधी पळण्यातले नव्हते. चुकण्यातलेही नव्हते. नियम असा की, कुणी चोरून यायला लागलं तर तीन हाका द्यायच्या आणि मग गोळी घालायची. एकदा पुराच्या पाण्यात काहीतरी काळं वाहत आलं. भावजींनी तीन हाका मारल्या, उत्तर आलं नाही, गोळी घातली. तो ओंडका निघाला. तेव्हापासून सगळी तुकडी त्यांना ‘ओंडका’ म्हणायची. माक्सिम तर म्हणायचा, “ओब्रादला भ्यायला शिका रे. तो लाकडालासुद्धा संधी देतो आणि लाकडालासुद्धा मारतो.” भावजी हसायचे. रागावणं त्यांना फारसं जमत नसे. एकाच माणसावर रागावले, आणि तो राग चार वर्षं धरून बसले.

तो माणूस म्हणजे रुझा. स्टानाचं एकुलतं एक जगलेलं मूल. मंगळवारच्या मंगळवारी मिठाची पन्हळ धरायला जायची, आणि पलीकडून पन्हळ धरायला एका नावाड्याचा मुलगा, इलिया. धर्म आपलाच, देऊळही आपल्यासारखंच, फक्त काठ दुसरा. दोन वर्षं दोघांनी पन्हळीची दोन टोकं धरली. बोट कधी बोटाला लागलं नाही. मग एके दिवशी पहाटेच्या धुक्यात पोरगी त्याच्या होडीत बसून निघून गेली. परवानगी मिळालीच नसती. शिपायाच्या घरची मुलगी सुलतानाच्या मुलखात कोण देणार? भावजी तेव्हा वरच्या चौकीत होते. परत आले, ऐकलं, बूट काढले, म्हणाले, “जी कुंपणापलीकडं, ती माझी कुणी नाही.” त्यानंतर घरात तिचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जायचे. आमच्या गाईंची त्या चार वर्षांत फार निगा राखली गेली.

स्टाना मात्र दर मंगळवारी जायची. रुझानं बापासाठी पायमोजे विणले. लोकरीचे, म्हणून देता आले नाहीत. ती नुसते वर धरून दाखवायची आणि परत टोपलीत ठेवायची. स्टाना इकडून ओरडायची, “टाच छान वळवलीस गं!” एवढाच काय तो मायलेकींचा संसार. मग मूल झालं. मुलीचं नाव सोफिया, सगळे सोका म्हणायचे. ती बारा पावलांवर रांगली, बारा पावलांवर उभी राहिली. स्टानानं नात वाढताना पाहिली ती अशी, जशी आपण दुसऱ्याच्या शेतातली चेरी बघतो.

त्या शरदात पलीकडच्या गावात प्लेग आला. ढोल वाजवून हुकूम वाचला गेला. वाटेत जो शिरेल, माणूस असो की डुक्कर, तीन हाका आणि मग गोळी. काठीनं हाकलणं आता बंद.

तर, स्टानानं हात मागं घेतला. भावजी आमच्यासमोरून गेले. स्टाना हळूच म्हणाली, “अहो, बघा तरी एकदा. तुमचं नाक आलंय तिला.”

भावजी नाकासमोर बघत पुढं गेले. त्या नाकाचा तेवढाच उपयोग ते करत होते.

पलीकडच्या कुंपणाखाली डुकरांनी उकरलेलं एक भगदाड होतं. भावजींनीच ते तीनदा कळवलं होतं. एक फळी ठोकायची, पण परवानगी वरून यायची होती. रुझानं गव्हाची टोपली उचलायला मुलीला खाली ठेवलं. दोन वर्षांची पोर. डुकराचं भगदाड तिच्या मापाचंच होतं. मी पाहिलं तेव्हा ती आत आली होती, गुडघ्यांना माती, डोक्यावर लाल टोपडं, आणि दुडूदुडू वाटेच्या मधोमध निघाली होती. थेट भावजींकडे. त्यांची बटणं चकचकत होती ना.

रुझानं किंकाळी फोडली. मग बाजार असा गप्प झाला की पन्हळीतून घसरणारं मीठ ऐकू येत होतं.

“हाक दे!” माक्सिम ओरडला. “ओब्राद, हाक दे!”

भावजींनी बंदूक खांद्यावरून उतरवली. सव्वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतात. “थांब! कोण आहे?”

सोका थांबली. विचार केला. “मी,” म्हणाली, आणि पुन्हा चालू लागली.

कुणी हसलं नाही. कुणीतरी हुंदका दिला. स्टानाच्या नखांचे व्रण माझ्या दंडावर पुढं चार दिवस होते.

“दुसरी!” माक्सिमचा आवाज फाटला होता. त्याला दोष देऊ नका बायांनो. वर चौकीच्या सज्जात कप्तान उभा होता, हातात दुर्बीण.

“थांब,” भावजी म्हणाले. “कोण आहे?” ही हाक नव्हतीच. झोपलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

“मीच की,” पोर म्हणाली आणि तिनं त्यांच्या कोटाचं टोक पकडलं.

तिसरी हाक यायची होती. मी वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनी पाहिली. भावजींनी तोंड उघडलं, मिटलं. मग बंदूक गवतावर आडवी ठेवली, अगदी नीट, झोपवल्यासारखी, आणि वाकून नातीला उचललं.

हा हुकूम मोडला तो असा. काय झालं ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिला हात लावला, त्या क्षणी ते पलीकडचे झाले. आता आमच्या कुंपणाजवळ आले असते तर माक्सिमनं त्यांनाच हाका मारल्या असत्या.

पोरगी कडेवर बसली आणि दोन्ही मुठींनी बटण ओढायला लागली. भावजी पलीकडच्या कुंपणापाशी गेले. रुझा रडत होती. म्हणाली, “बाबा, या इकडं. एवढं कुंपण चढा फक्त. होडी उभी आहे. ते तुम्हाला फटक्यांनी मारतील हो. बाबा, या ना.”

चार वर्षांत तिच्याशी ते पहिल्यांदा बोलले. “तुझा काका आहे ना तिकडं उभा. त्याची चार पोरं. मी चढलो तर त्यांचं शेत कोण नांगरेल?” काका म्हणजे माझा नवरा. मग म्हणाले, “टोपडं घट्ट बांधत जा, कान उघडे राहतात,” आणि मूल तिच्या हातात दिलं. देताना बटण तुटलं. ते पोरीच्या मुठीतच गेलं.

मग भावजी वाटेच्या मधोमध येऊन उभे राहिले, हात बाजूला लोंबत. इकडं यायचं नाही, तिकडं जायचं नाही. स्टाना कुंपणाला धरून उभी होती. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. तिनं विचारलं,

“अहो, जड आहे का हो?”

भावजींनी विचार केला. त्यांनी कधी उगीच उत्तर दिलं नाही. “पिठाच्या छोट्या पोत्याएवढी,” म्हणाले. “पण पोतं हलत नाही. ही हलते.”

त्यांना बेचाळीस दिवस वाटेच्या टोकाच्या एकट्या झोपडीत ठेवलं. आम्ही भाकरी लांब दांड्यावरून देत होतो. स्टाना रोज जायची, वीस पावलांवर बसायची आणि विचारायची. केस मऊ की राठ? वास कसला होता? दात किती? भावजी आठवून आठवून सांगायचे. तिसऱ्या आठवड्यात आठवण्यासारखं काही उरलं नाही, तर दोघं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. स्टानाला तो कोट हवा होता. पोरगी ज्याला बिलगली तो. म्हणायची, “नुसता नाकाला लावीन आणि देईन.” पण कोट लोकरीचा. शेवटच्या दिवशी त्यांना शिरक्यानं आंघोळ घातली आणि कोट जाळला. धूर आमच्या बाजूला आला. स्टाना त्यात उभी राहिली, खोकत, हलेना.

कप्तानानं दुभाष्याकरवी विचारलं, “तिसरी हाक का मारली नाहीस?” आता त्या मंगळवारच्या आधीच्याच रविवारी आपल्या पाद्री नेस्तरबाबांनी हरवलेल्या मेंढराचं प्रवचन गायलं होतं, नव्व्याण्णव मेंढरं सोडून मेंढपाळ त्या एकाला शोधायला जातो ते. ते सांगायचे नाहीत, गायचे. शेवटची ओळ अशी लांबवायचे की मेणबत्त्यांच्या ज्योती वाकतात असं वाटायचं. मी त्या प्रवचनांवर जगले आहे, पोरींनो, भाकरीवर कमी. भावजी मागच्या खांबाशी टोपी हातात धरून उभे असायचे. आम्हाला वाटायचं, झोपतात. ते कप्तानाला म्हणाले, “साहेब, आमच्या बाबांनी सगळं गायलं. मेंढपाळ कुठं कुठं गेला ते सगळं. पण तो मेंढराला तीन हाका देऊन गोळी घालतो, असं काही त्यात आलं नाही.”

दुभाष्यानं ते पूर्ण सांगितलं की नाही, देव जाणे. शिक्षा झाली ती रांगेची. शंभर माणसं दोन ओळींत समोरासमोर, प्रत्येकाच्या हातात विलोची ओली छडी, आणि मधून उघड्या पाठीनं चालत जायचं. पुन्हा दोन भिंती आणि मध्ये वाट. आणि त्या रांगेत माझा नवरा, त्रिवुन. सख्खा धाकटा भाऊ. हळू मारलं तर मारणारालाच आत घालत. मी घरी होते. हे त्यानं मला सांगितलं, लग्नाच्या बेचाळीस वर्षांत एकदाच. भावजी त्याच्यासमोर आले, पाठ रक्तानं माखलेली. त्रिवुनचा हात वरच राहिला. माक्सिम मागून दबक्या आवाजात म्हणत होता, “मार रे, मार, वरून बघतायत.” भावजी चालता चालता म्हणाले, “मार की. तुझ्या हातात जोर कधी होता? लहानपणी माशीसुद्धा मरत नव्हती तुझ्यानं.”

त्यानं मारलं. त्यानंतर माझ्या नवऱ्यानं विलोच्या फांद्यांची टोपली कधी विणली नाही, आणि गावात टोपली विणावी तर त्यानंच.

भावजींना पुन्हा रास्तेलवर ठेवलं नाही. दूरच्या लव्हाळ्यांतल्या चौकीत पाठवलं, तिथून सावाची फक्त वळणं दिसतात. घरी येत त्या आठवड्यात मंगळवार आला तरी त्यांना कुंपणाजवळ जायची बंदी. मंगळवारी ते परसात बसायचे आणि स्टाना परतली की विचारायचे, “उंच झाली?” मग आपणच सांगायचे, “झाली असणार.” अशी नऊ वर्षं. नातीला त्यांनी जन्मात एकदाच पाहिलं. दलदलीत छातीत थंडी भरली आणि चोपन्नाव्या वर्षी गेले. सुटी व्हायला सहा वर्षं बाकी होती. शेवटच्या दिवशी जीभ जड झाली होती. स्टाना कानाशी वाकली, तर म्हणाले, “हलते गं ती.”

त्यांना पुरल्यावर आलेल्या पहिल्या मंगळवारी आम्ही दोघी जावा काळे रुमाल बांधून रास्तेलवर गेलो. बारा पावलांवरून मरण ओरडून सांगावं लागतं, हे तुम्हाला कधी करावं लागू नये. पण ओरडायची गरज पडली नाही. रुझानं रुमाल पाहिले आणि खाली बसली.

सोका अकरा वर्षांची झाली होती. उंच झालीच होती. तिनं गळ्यातला दोरा काढला, दातांनी तोडला, दोऱ्यातलं काहीतरी पळीत टाकलं. माक्सिम म्हातारा झाला होता, तरी तोच होता तिथं. त्यानं पळी पाहिली. पुस्तकात बघायची गरज नव्हती. धातू. धातूला चिकटत नाही. त्यानं स्वतः दांडा धरला आणि ते शिरक्याच्या वाडग्यात पाडलं, टपकन. मग पाठ फिरवून उभा राहिला.

बटण होतं, कथलाचं. नऊ वर्षं पोरीच्या बोटांनी घासून त्याच्यावरचं पलटणीचं चिन्ह पार पुसलं होतं. गुळगुळीत झालं होतं ते, नदीतल्या खड्यासारखं. स्टानानं शिरक्यात हात घातला. पुसलं नाही, वाळवलं नाही. मूठ मिटली आणि ती मूठ छातीशी धरून चढण चढून घरी आली. वाटेत एवढंच म्हणाली, “ऊन आहे गं अजून.” शिरका थंड होता, पोरींनो. मी हात लावून पाहिला होता.

झाला बघा गहू, फुटला. उतरवा. भावजी गेले, स्टाना गेली, ते बटण तिच्याबरोबर मातीत आहे. कुंपणंही गेली. उद्या देवळात मेणबत्ती लावाल तेव्हा खालच्या पेटीत लावा, वरची जिवंतांची. पाद्रीबाबा ओब्रादचं नाव घेतील, घाईत घेतील, यादी लांब आहे. मग स्मरणाचं गाणं होईल. ते तीनदा गातात. पहिल्या दोन वेळा कसंही गा. तिसऱ्या वेळी तेवढं मोकळ्या गळ्यानं गा, माझ्यासाठी म्हणून, आणि गाताना ओब्रादची आठवण ठेवा. त्याची एक हाक राहिली आहे.